दात खाणे आणि दात आवळणे : ओळख, उपाय आणि दातांचे संरक्षण

झोपेत कराकरा दात खाणाऱ्या माणसाला स्वतःला त्याचा बहुधा पत्ता नसतो. झोप मोडते ती शेजारी झोपलेल्याची. दिवसा दात घट्ट आवळून बसणाऱ्याच्या तोंडातून तर आवाजही निघत नाही, त्यामुळे ती सवय वर्षानुवर्षे कुणाच्याच लक्षात येत नाही. माझ्या बाबतीत असेच झाले. एकदा अगदी मऊ घास चावताना खालच्या दाढेचा कोपरा तुटला. तो दाखवायला गेलो असता दंतवैद्यांनी आरशात बाकीच्या दाढांचे सपाट झालेले माथे दाखवले, तेव्हा कुठे मला कळले की ही झीज एका रात्रीची नसून अनेक वर्षांची आहे आणि गेलेला भाग आता परत येणार नाही. त्याच्या कितीतरी आधी मला कुणी सांगायला हवे होते ते या लेखात क्रमाने मांडले आहे. त्यातला मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो: दिवसा दात आवळणे आणि झोपेत दात खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि रात्री लावायचे संरक्षक कवच दात वाचवते, पण सवय मोडत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे थेट नाइट गार्ड घेणारे पुष्कळ लोक काही महिन्यांनी निराश होतात.

## तोंडात नेमके काय घडते

दात खाणे आणि आवळणे या दोन्हींना वैद्यकात ‘ब्रक्सिझम’ म्हणतात. १९०७ मध्ये मारी पिएत्किएविच यांनी फ्रेंच भाषेत ‘ब्रुक्सोमानी’ हा शब्द वापरला आणि त्यातूनच पुढे आजचे नाव रूढ झाले. अनेक दशके हा दातांच्या चुकीच्या ठेवणीचा दोष मानला जात असे. आज तसे मानत नाहीत. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये या विषयातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन केलेल्या व्याख्येनुसार ही जबड्याच्या स्नायूंची हालचाल आहे. झोपेतली आणि जागेपणीची अशा तिच्या दोन जाती आहेत. आणि निरोगी माणसात ती आजार ठरतेच असे नाही, ती केवळ धोका वाढवणारी वर्तणूक असू शकते. या व्याख्येचा व्यवहारात मोठा उपयोग आहे, कारण त्यामुळे ‘मी दात खातो, म्हणजे मला उपचार हवेतच’ ही भीती दूर होते. उपचार हवेत ते दात झिजत असतील, तुटत असतील किंवा दुखणे होत असेल तेव्हा.

ओठ मिटून शांत बसले असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले असावेत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्नायू सैल असतील तर दोन्ही रांगांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. दात एकमेकांना टेकतात ते घास चावताना आणि गिळताना, आणि तो सगळा स्पर्श एकत्र मोजला तर २४ तासांत जेमतेम २० मिनिटांच्या आसपास भरतो. दात, दातांच्या मुळांभोवतीचे तंतू, जबड्याचे सांधे आणि स्नायू यांना झेपणारा भार एवढाच आहे. जो माणूस तासन्‌तास दात टेकवून बसतो, तो जोर फारसा लावत नसला तरी हा हिशेब अनेक पटींनी ओलांडतो.

झोपेतला प्रकार वेगळ्या वाटेने घडतो. झोप रात्रभर सारख्या खोलीची नसते. अधूनमधून मेंदू काही सेकंदांपुरता किंचित जागा होतो आणि पुन्हा झोपेत उतरतो. या क्षणिक जागृतीत हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ चावण्याचे स्नायू लयीत आकुंचन पावतात. निरोगी माणसांपैकीही निम्म्याहून अधिक जणांत असे थोडेफार आकुंचन आढळते, पण दात खाणाऱ्यांमध्ये ते वारंवार आणि जोरात होते. बहुतेक झटके उथळ झोपेत येतात. चावताना दातांमध्ये घास असतो आणि जोर लागताच दातांभोवतीचे तंतू ‘पुरे’ असा इशारा देतात. झोपेत घास नसतो आणि तो इशाराही क्षीण झालेला असतो, म्हणून काही जणांत रात्रीचा जोर दिवसा जाणूनबुजून लावलेल्या कमाल जोरापेक्षाही जास्त भरतो. शिवाय तो आडवा लागतो. दाढेच्या टोकावर इनॅमलची, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाची, जाडी फार तर अडीच मिलिमीटर असते, शरीरातला तो सर्वांत कठीण पदार्थ असतो, पण त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे झिजलेला थर पुन्हा तयार होत नाही.

प्रौढांपैकी सुमारे ८ ते १३ टक्के लोक झोपेत दात खातात असे मानले जाते. जागेपणी दात आवळणाऱ्यांचे प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे.

## पहिली पायरी : स्वतःची तपासणी

चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे आणि घाई न करता पुढील गोष्टी पाहाव्यात. सुळ्यांची टोके अणकुचीदार आहेत की बोथट होऊन सपाट झाली आहेत? पटाशीच्या दातांच्या कडा सरळ कापल्यासारख्या दिसतात का, त्यांचे बारीक टवके उडाले आहेत का? दाढांच्या माथ्यावर आरशासारखे चकचकीत सपाट डाग दिसतात का, आणि जबडा जरा बाजूला सरकवला की वरचा सपाट डाग खालच्या डागावर नेमका बसतो का? असा जोड जुळला तर तो दात दातावर घासल्याचा भक्कम पुरावा असतो. जिभेच्या कडांवर दातांच्या खुणा उमटून झालर पडल्यासारखी दिसणे आणि गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी आडवी वळी दिसणे ही आवळण्याची चिन्हे मानतात, पण ती इतर कारणांनीही दिसू शकतात.

त्यानंतर दोन्ही हातांची बोटे गालांच्या मागच्या बाजूस, जबड्याच्या कोनाच्या वर ठेवावीत आणि दात आवळावेत. बोटांखाली जो स्नायू टणक होऊन फुगतो तो मॅसेटर. कानशिलावर बोटे ठेवून तसेच केले की टेम्पोरॅलिस हाताला लागतो. दात सैल सोडून हे स्नायू हलकेच दाबावेत. दुखत असतील, किंवा ते इतके वाढले असतील की चेहरा चौकोनी दिसू लागला असेल, तर त्यांच्यावर सतत ताण पडत आहे असे समजावे.

लक्षणांच्या वेळेकडे लक्ष दिले तर निदान निम्मे होते. सकाळी उठताच जबडा जड वाटतो, कानशिले ठणकतात, दात शिवशिवतात आणि तासा-दोन तासांत हे सगळे ओसरते, तर रोख झोपेकडे जातो. सकाळ ठीक जाते, पण संध्याकाळी काम संपेपर्यंत गाल आणि कानशिले दुखू लागतात, तर दिवसाची सवय तपासावी. पुष्कळांत दोन्ही असतात. कानात दुखते म्हणून कानाची तपासणी करून घेणारे आणि तिथे काहीच न सापडलेले लोकही कमी नाहीत, कारण जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढेच असतो.

दोन आठवडे एक साधी वही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. सकाळी उठल्यावर जबड्याचे दुखणे ० ते १० या अंकांत लिहावे, रात्री झोपताना पुन्हा लिहावे, आणि सोबत त्या दिवशीची कॉफी, मद्य, झोपेचे तास, कामाचा ताण आणि घेतलेली औषधे नोंदवावीत. दंतवैद्यांना तोंडी सांगितलेल्या दहा वाक्यांपेक्षा या दोन पानांचा उपयोग जास्त होतो.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. झिजलेले दात ही मागे घडून गेलेल्या गोष्टीची खूण आहे. ती झीज आज चालू आहे की दहा वर्षांपूर्वीच थांबली, हे दाताकडे पाहून एका भेटीत कळत नाही. शिवाय सगळीच झीज घासण्याने होत नाही. वारंवार आंबट पेये घेणाऱ्यांचे आणि जठरातील आम्ल घशापर्यंत येणाऱ्यांचे इनॅमल विरघळते. तेव्हा दाढांच्या माथ्यावर सपाट डागांऐवजी लहान वाटीसारखे खळगे दिसतात आणि जुनी फिलिंग भोवतालच्या दातापेक्षा उंच राहिलेली दिसतात. आम्लाने मऊ झालेल्या दातावर रात्री घर्षण झाले तर झीज झपाट्याने होते, म्हणून जळजळ आणि आंबट ढेकर यांचा त्रास असेल तर तो दंतवैद्यांना आवर्जून सांगावा. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत. आधी पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास थांबावे.

## घरचे उपाय पुरेसे नसतात अशा वेळा

छातीवर दाब, धाप, घाम किंवा हातात उतरणारी कळ यांच्यासोबत जबडा दुखत असेल, तर ते हृदयविकाराच्या झटक्याचे लक्षण असू शकते आणि तेव्हा दातांचा विचार न करता तातडीची वैद्यकीय मदत मिळवावी. वय पन्नाशीच्या पुढे असताना नव्यानेच कानशिलात दुखू लागले, चावताना जबडा दमून दुखू लागला आणि दृष्टीत बदल जाणवला, तर कानशिलाच्या धमनीचा दाह असण्याची शक्यता असते. उपचाराला उशीर झाला तर त्यात दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तोंड अचानक अडकून उघडेनासे झाले, किंवा उघडलेले मिटेनासे झाले, तर स्वतः ओढाताण करू नये. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावत नसतील तर तोंड पुरेसे उघडत नाही असे ढोबळमानाने समजावे आणि वेळ घ्यावी.

## दुसरी पायरी : दिवसाची सवय सोडवणे

रात्रीबद्दल तक्रार असली तरी सुरुवात दिवसापासून करावी. जागेपणी आपले स्नायू आपल्या ताब्यात असतात, उपायाला काही लागत नाही, आणि दिवसभर थकलेले स्नायू सैल झाले की सकाळचे दुखणेही बऱ्याचदा हलके होते.

जबड्याची विश्रांतीची स्थिती आधी शिकून घ्यावी लागते, आणि तिच्यासाठी आपल्या बाराखडीतली दोन अक्षरे पुरतात. हळूच ‘न’ म्हणावे. जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे हिरडीला टेकते आणि दाढा एकमेकींपासून सुटतात. जीभ तिथेच राहू द्यावी. आता ‘म’ म्हणताना मिटतात तसे ओठ हलकेच मिटावेत. ओठ मिटले तरी दात मिटत नाहीत, हे जाणवू द्यावे. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वर टेकलेली, खांदे खाली आणि श्वास नाकाने, अशी ती स्थिती आहे. सुरुवातीला ती कृत्रिम वाटते. ज्यांचे दात वर्षानुवर्षे टेकलेले राहिले आहेत त्यांना तर तोंड उघडे पडल्यासारखे वाटते, पण काही आठवड्यांत स्नायूंना तिची ओळख पटते. नाक सतत चोंदलेले असेल तर ओठ मिटून श्वास घेता येत नाही. तेव्हा आधी नाकावर उपचार करून घ्यावेत.

खरी अडचण आठवण राहण्याची आहे, कारण सवय म्हणजे जे नकळत घडते ते. ‘आता मी दात आवळणार नाही’ असा निश्चय पाच मिनिटांत विरून जातो. त्याऐवजी दिवसभरात ज्या गोष्टी हमखास घडतात त्यांना ही तपासणी बांधून टाकावी: फोन वाजला की, दार उघडले की, पाणी प्यायले की, नवे पान उलटले की. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात, गाडीच्या आरशाच्या कडेला, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एखादी लहान रंगीत टिकली चिकटवावी आणि ती दिसली की दात कुठे आहेत ते पाहावे. फोनवर दर अर्ध्या तासाने कंप पावणारी सूचनाही चालते. आवळलेले आढळले तर स्वतःला दोष न देता एक लांब श्वास सोडावा आणि ‘न’च्या जागेवर परत यावे. पहिल्या आठवड्यात दिवसातून चाळीस वेळा आवळलेले सापडले तरी घाबरू नये. पूर्वीही ते होतच होते, फक्त आता कळू लागले आहे.

हळूहळू प्रसंग ध्यानात येतात. कुणी बारीक अक्षरे वाचताना आवळतो, कुणी वजन उचलताना, कुणी गर्दीत गाडी चालवताना, तर कुणी मनातला राग गिळताना. ‘दात-ओठ खाणे’ हा वाक्प्रचार रागासाठी आहे, पण माझ्या निरीक्षणात एकाग्रता हे त्याहून मोठे कारण आहे आणि म्हणूनच ते सुटून जाते, कारण काम मन लावून करताना आपण तणावात आहोत असे कुणाला वाटत नाही. पेन, नखे किंवा गालाची आतली त्वचा चावणे, हनुवटी हातावर टेकून बसणे, फोन खांद्यात धरून बोलणे आणि तासन्‌तास च्युइंगम चघळणे या सगळ्यांनी त्याच स्नायूंवर भार पडतो. त्यादेखील याच वेळी सोडून द्याव्यात.

## तिसरी पायरी : दुखऱ्या स्नायूंची काळजी

गरम पाण्यात पिळलेला ओलसर कापड गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटे ठेवावा, दिवसातून दोन वेळा. त्यानंतर बोटांच्या टोकांनी मॅसेटरवर आणि कानशिलावर दोन-दोन मिनिटे गोल मालीश करावे. दाब सोसवेल इतकाच असावा. जीभ टाळूला लावून ठेवून, दुखणार नाही इतपतच तोंड हळूहळू उघडावे आणि मिटावे, असे सहा वेळा करावे. दुखणे वाढलेले असताना काही दिवस मऊ आहार घ्यावा, घास लहान ठेवावेत आणि जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरून जबडा फार उघडू देऊ नये. सांधा नुसताच कट्‌कट्‌ वाजत असेल, पण दुखत किंवा अडकत नसेल, तर त्यावर सहसा उपचार लागत नाहीत, आणि तो आवाज पुन्हा पुन्हा काढून पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

## चौथी पायरी : झोप बिघडवणारी कारणे शोधणे

झोपेतल्या दात खाण्यावर इच्छाशक्तीचा ताबा चालत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि आई-वडिलांपैकी कुणी दात खात असेल तर मुलांत ते आढळण्याची शक्यता वाढते. जनुके बदलता येत नाहीत, पण झोप उथळ करणारी कारणे बदलता येतात, आणि या टप्प्यावर सगळ्यात जास्त लक्ष देणे योग्य ठरते.

घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांची चौकशी सर्वप्रथम करावी. माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा घेतो, सकाळी तोंड कोरडे आणि डोके जड असते, दिवसा बसल्या जागी डुलक्या लागतात, रक्तदाब वाढलेला आहे, अशी चिन्हे असतील तर त्याला स्लीप अॅप्निया असण्याची शक्यता असते. दात खाणे आणि हा विकार एकाच माणसात अनेकदा आढळतात, आणि श्वासाचा उपचार केल्यावर काही जणांचे दात खाणेही कमी होते. याला आणखी एक बाजू आहे, जी फारशी सांगितली जात नाही: वरच्या दातांवर बसवलेल्या साध्या स्प्लिंटमुळे, म्हणजे नाइट गार्डमुळे, अॅप्नियाच्या काही रुग्णांमध्ये श्वास अडकण्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. म्हणून घोरणाऱ्या माणसाने गार्ड बनवण्यापूर्वी झोपेची तपासणी करून घ्यावी. अॅप्निया निघाला तर खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवणारे उपकरण किंवा सीपॅप (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारे) यंत्र यांचा विचार डॉक्टर करतात.

दुसरे कारण औषधांचे. नैराश्य आणि चिंता यांवर दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन, काही रुग्णांमध्ये दात खाणे सुरू करतात किंवा वाढवतात. एकाग्रतेच्या विकारासाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांबाबतही हे आढळते. औषध सुरू केल्यानंतर किंवा मात्रा वाढवल्यानंतर काही आठवड्यांत त्रास सुरू झाला असेल, तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे, औषध बदलणे किंवा जोडीला दुसरे औषध देणे असे मार्ग त्यांच्याकडे असतात. ही औषधे स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे, आणि दात कितीही महत्त्वाचे असले तरी मनाचे स्वास्थ्य त्याहून महत्त्वाचे आहे.

मद्य, तंबाखू आणि भरपूर कॅफिन यांचा दात खाण्याशी संबंध अनेक पाहण्यांत दिसून आला आहे. दुपारनंतर कॅफिन घेऊ नये, संध्याकाळचे मद्य टाळावे, आणि धूम्रपान सोडण्याच्या अनेक कारणांत हे आणखी एक जोडावे. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, शेवटचा तास पडद्याविना आणि वादाविना घालवणे, खोली अंधारी व थंड ठेवणे यांनी दात खाणे थांबेल असे म्हणता येत नाही, पण झोप सुधारते आणि वहीतले सकाळचे आकडे खाली येताना अनेकांना दिसतात. चिंता खोल असेल तर समुपदेशन किंवा विचार-वर्तन उपचारपद्धती घ्यावी. केवळ दातांसाठी नव्हे, पण दातांनाही त्याचा फायदा होतो.

## पाचवी पायरी : स्प्लिंट किंवा नाइट गार्ड

स्प्लिंट दात खाणे थांबवत नाही. पहिल्या काही आठवड्यांत स्नायूंची हालचाल कमी झालेली दिसते, पुढे ती बहुधा पूर्ववत होते. स्प्लिंटचे काम हेल्मेटचे आहे: दातांऐवजी ते स्वतः झिजते आणि जोर एका दातावर न पडता सगळ्या दातांवर विभागला जातो. त्यावर वर्षभरात पडलेले ओरखडे पाहिले की ते दातांवर पडले असते तर काय झाले असते, याची कल्पना येते.

नियमित दात खाणाऱ्या प्रौढांसाठी दंतवैद्यांनी दातांचे माप घेऊन बनवलेले, एका जबड्यातील सगळे दात झाकणारे, कडक अॅक्रिलिकचे स्प्लिंट सर्वांत भरवशाचे असते. त्याचा पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत असतो. तोंड मिटल्यावर समोरचे सगळे दात त्यावर एकाच वेळी, सारख्या दाबाने टेकले पाहिजेत, आणि जबडा बाजूला सरकवताना कुठेही अडकता कामा नये. हे साधण्यासाठी दंतवैद्य रंगीत कागद दातांत धरायला लावून उमटलेल्या खुणा घासून सारख्या करतात. हा वेळ ज्या भेटीत दिला गेला नाही ती भेट अपुरी झाली असे समजावे आणि विनासंकोच तसे विचारावे. ते वर लावायचे की खाली, हे दातांची ठेवण, पडलेले दात आणि उमासे येण्याची प्रवृत्ती पाहून ठरते.

मऊ रबरासारखे गार्ड पहिल्या दिवशी सुखाचे वाटते, पण जोरात दात खाणारा माणूस ते काही महिन्यांत चावून फाडतो, आणि काही जणांत मऊपणामुळे ते चघळण्याची प्रवृत्ती वाढते. गरम पाण्यात मऊ करून घरीच दातांवर बसवायचे तयार गार्ड तात्पुरती सोय म्हणून काही आठवडे वापरायला हरकत नाही. कायमचा उपाय म्हणून मी ते सुचवणार नाही, कारण त्याची ठेवण अचूक नसते आणि दातांवर असमान दाब पडू शकतो. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणाऱ्या लहान उपकरणांबाबत विशेष जपावे. मागचे दात महिनोन्‌महिने कशालाच टेकले नाहीत तर ते हळूहळू बाहेर सरकतात, आणि मग उपकरण काढल्यावरही पुढचे दात एकमेकांना मिळत नाहीत. शिवाय इतके लहान उपकरण झोपेत सुटून घशात जाण्याची भीती असते.

पहिल्या आठवड्यात लाळ जास्त सुटते, तोंडात परकी वस्तू असल्याची जाणीव राहते आणि काही जण झोपेत ते काढून टाकतात. झोपण्यापूर्वी अर्धा-एक तास वाचत बसताना लावण्याचा सराव केला तर सवय लवकर होते. सकाळी काढल्यावर काही मिनिटे दात नेहमीसारखे मिळत नाहीत, हे अपेक्षित आहे. पण हा फरक तासन्‌तास टिकला, एखादा दात दुखू लागला किंवा सांधा पूर्वीपेक्षा जास्त दुखला, तर वापर थांबवून दाखवावे. एक-दोन आठवड्यांनी पहिली दुरुस्ती, मग काही महिन्यांनी आणि पुढे प्रत्येक नियमित तपासणीत स्प्लिंट सोबत न्यावे. नवी कॅप किंवा मोठे फिलिंग झाल्यानंतरही ते पुन्हा बसवून पाहावे लागते.

स्वच्छतेसाठी सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रश आणि सौम्य साबण वापरावा. टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. गरम पाण्याने आकार बिघडतो. कोरडे करून हवा जाणाऱ्या डबीत ठेवावे. कागदात गुंडाळून ठेवलेले स्प्लिंट कचऱ्यात जाते, आणि घरात पाळीव कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावे.

## जे करू नये, किंवा घाईने करू नये

दात खाणे थांबवण्यासाठी निरोगी दात घासून त्यांची ठेवण ‘बरोबर’ करण्याचा सल्ला मिळाला तर दुसरे मत घ्यावे. ठेवणीमुळे दात खाणे होते याला आधार राहिलेला नाही, आणि घासलेले इनॅमल परत येत नाही. मॅग्नेशियमसारख्या पूरक गोळ्यांनी ते थांबते याचाही भरवशाचा पुरावा नाही.

बोटुलिनम टॉक्सिनची (बोटॉक्सची) इंजेक्शने हा मार्ग तीव्र आणि इतर उपायांना न जुमानणाऱ्या त्रासासाठी राखून ठेवावा. त्यांनी आकुंचनांची संख्या कमी होत नाही. स्नायू दुबळा होतो म्हणून जोर कमी होतो, आणि हा परिणाम साधारण तीन ते सहा महिने टिकतो. चावताना अशक्तपणा आणि हसताना चेहरा वाकडा दिसणे हे दुष्परिणाम होऊ शकतात, आणि वारंवार दिल्यास जबड्याच्या हाडावर होणाऱ्या परिणामाबद्दल तज्ज्ञांना काळजी वाटते. चेहरा बारीक दिसावा म्हणून हा उपचार घेणे आणि दुखण्यासाठी घेणे यांत फरक आहे. डॉक्टरांशी बोलताना आपला हेतू स्पष्ट सांगावा.

## मुलांच्या बाबतीत

लहान मुलांमध्ये झोपेत दात खाणे अगदी सर्रास आढळते आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांत ते आपोआप कमी होते. दात खाणे म्हणजे पोटात जंत, ही समजूत घराघरांत ऐकू येते. पण दात खाणे हा जंतांचा पुरावा नाही, आणि केवळ तेवढ्यावरून औषध देऊ नये. दुधाचे दात झिजलेले दिसले तरी ते पडणार असतात, आणि जबडा वाढत असल्यामुळे मुलांना स्प्लिंट सहसा देत नाहीत. पाहायचे ते हे: मूल घोरते का, तोंडाने श्वास घेते का, रात्री घामाघूम होते का, दिवसा चिडचिडे किंवा पेंगुळलेले असते का. तसे असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात. दात खाण्याच्या आवाजासाठी मुलाला झोपेतून उठवू नये आणि सकाळी त्यावरून रागावू तर मुळीच नये.

## झालेले नुकसान भरून काढणे आणि पुढची नजर

दातांची दुरुस्ती कधी करायची हा प्रश्न अवघड असतो, कारण झिजलेले दात कुणालाच पाहवत नाहीत. दुखणे असेल, चीर गेली असेल किंवा कड धारदार होऊन जीभ कापत असेल तर वाट पाहू नये. चावताना आणि विशेषतः दाब सोडताना क्षणभर तीव्र कळ येत असेल तर दाताला चीर असण्याची शक्यता असते. ती वेळेत सापडली तर कॅप घालून दात वाचू शकतो, मुळापर्यंत गेली तर बहुधा काढावा लागतो. पण केवळ दिसण्यासाठी सगळ्या दातांवर कॅप घालायच्या असतील, तर आधी वरच्या चार पायऱ्या काही महिने पाळून पाहाव्यात आणि स्प्लिंट लागणारच हे धरून चालावे, कारण जो जोर नैसर्गिक दात झिजवतो तो चिनी मातीच्या कॅपचे टवकेही उडवतो. इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, बाबतीत तर आणखी जपावे लागते. त्याच्या मुळाभोवती दाब जाणणारे तंतूच नसल्यामुळे जास्त जोराचा इशारा मेंदूला नीट मिळत नाही. दात शिवशिवत असतील तर फ्लोराइड असलेली, संवेदनशील दातांसाठीची पेस्ट मऊ ब्रशने वापरावी.

झीज चालू आहे की थांबली, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तुलना. दंतवैद्यांकडून दातांचा साचा किंवा डिजिटल स्कॅन करून घ्यावा, जवळून काढलेली छायाचित्रे तारीख घालून जपून ठेवावीत, आणि वर्षभराने त्याच कोनातून पुन्हा काढावीत. दोन्ही सारखी दिसली तर चालू आहे तेच पुढे चालू ठेवावे. सुळ्याचे टोक आणखी बोथट झाले असेल, तर स्प्लिंट दाखवून नव्याने बसवून घ्यावे, वही पुन्हा दोन आठवडे लिहावी आणि त्या वर्षात झोप, औषधे किंवा काम यांत काय बदलले ते दंतवैद्यांसमोर मांडावे.